जुन्या टबाचे नूतनीकरण

बिडाचा टब दोन पिढ्यांना पुरतो. त्यावरील पांढरा थर मात्र तितका टिकतोच असे नाही. घासण्याच्या भुकटीने त्याची चकाकी जाते, नळाखाली गंजाचे डाग पडतात, आणि एखादी जड वस्तू आदळली की टवका उडून आतले लोखंड उघडे पडते. अमेरिकेतील जुन्या घरांतून असे टब पुष्कळ आढळतात. त्यांच्या मालकांपुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पण प्रथम हा थर म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे.

हा थर रंगाचा नसून काचेचा असतो. कारखान्यात तापवून लाल केलेल्या बिडावर काचेची पूड भुरभुरतात. ती वितळून धातूला घट्ट चिकटते. आपल्याकडे भांड्याची कल्हई उडाली, तर कल्हईवाला दारात भट्टी पेटवून ती पुन्हा करून देतो. कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते. काचेच्या थराला ८०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. स्नानगृहात ती देणे अशक्य होय. तेव्हा घरी येऊन टब ‘नवा’ करून देणारा कारागीर वस्तुतः रंगाचाच लेप देत असतो.

लेप हा पहिला मार्ग. पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करून त्यावर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन फवारतात. यात खर्च कमी. पण लेप काचेहून मऊ असल्याने काही वर्षांत सुटू लागतो. दुसरा मार्ग अ‍ॅक्रिलिकच्या अस्तराचा. यात मोडतोड टळते. मात्र सांध्यांतून पाणी शिरल्यास ते अस्तरामागे साचून राहते. तिसरा मार्ग टब बदलण्याचा. शंभर किलोंहून जड असा टब काढताना फरशा उखडाव्या लागतात, आणि पुष्कळदा तो घणाने फोडावा लागतो.

पहिल्या मार्गातील खरा धोका दुसऱ्या खेपेस येतो. सुटलेला जुना लेप काढण्यासाठी मिथिलीन क्लोराइड वापरले जात असे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते; ती टबातच साठते, आणि कारागिराचे डोके नेमके तेथेच वाकलेले असते. लहान, बंद खोलीत तो बेशुद्ध होऊन दगावू शकतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब दुरुस्त करणारे किमान १३ कामगार असे मृत्युमुखी पडले. तेथे २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी या द्रव्याची ग्राहकांना होणारी विक्री थांबविण्यात आली, आणि २०२४ मध्ये निर्बंध अधिक व्यापक झाले.

म्हणून केवळ दर विचारून काम देऊ नये. जुना लेप कोणत्या द्रव्याने काढणार, वाफ बाहेर कशी जाणार, हेही विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास, खर्च अधिक आला तरी टब बदलणेच श्रेयस्कर.