आधी कागद, मग पाना

जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक वेल्डिंग सेट आणि दारात कायम एखादी बोनेट उघडी टाकलेली गाडी. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. गाडीत काय बसेल हे मिस्त्री सांगू शकतो, पण ते रस्त्यावर चालेल की नाही हे आरसी ठरवते. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिली गोष्ट विचारायला येतं आणि दुसरी विसरून जातं. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

हल्ली पोरं मोबाइल पुढे करतात आणि सांगलीची ती छोटी जीप दाखवतात. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे सुटे भाग आणि भंगार जोडून किकवर सुरू होणारी चारचाकी बनवली. खर्च साठेक हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. ती जानेवारीत लोहारांच्या दारात उभी राहिली. एवढं सगळ्यांच्या लक्षात आहे. पण कौतुक करतानाच महिंद्रांनी बजावलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. म्हणजे त्या गोष्टीतही रस्त्यावर शेवटी आली ती कारखान्यातली, पासिंग झालेली गाडी.

घरी बांधलेल्या गाडीला आपल्याकडे नंबर का मिळत नाही, हे मला अनेकजण चिडून विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ असं सांगतो की विकायच्या गाडीचा नमुना आधी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या आपल्या राज्यातल्या संस्था. ब्रेक, धूर, दिवे, सीटबेल्ट असं सगळं पाहून त्या प्रमाणपत्र देतात आणि त्याच्या आधारावर पुढच्या हजारो गाड्यांची नोंदणी होते. ही व्यवस्था कारखान्यासाठी आहे. एकच गाडी बांधणाऱ्याला या तपासणीचा खर्च झेपत नाही. ब्रिटनमध्ये घरच्या शेडमध्ये बांधलेल्या एका गाडीचीही सरकारी तपासणी होते आणि पास झाली तर तिला नंबर मिळतो. आपल्याकडे तशी सोपी वाट नाही. म्हणून इंजिनिअरिंगची पोरं बाहा या बग्गींच्या स्पर्धेसाठी बांधलेली गाडी धुळ्याहून आग्रा रोडने पिथमपूरला नेतात तेव्हा ती चालवत नेत नाहीत, ट्रकवर चढवून नेतात. हौस असेल तर तसंच करा. शेतात, मैदानात, स्पर्धेत चालवा, पण नंबर नसलेली गाडी डांबरी रस्त्यावर आणू नका.

खरी गुंतागुंत मात्र नंबर असलेल्या, पण आतून बदललेल्या गाड्यांची आहे. खान्देशात अशा जीप गावोगाव आहेत. केळीच्या बागेत, उसाच्या फडात, नदीच्या रेतीत त्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन तेल फार प्यायचं, म्हणून ते उतरवून प्युजोचं डिझेल इंजिन बसवण्याची मोठी टूम होती. आमच्या धंद्यातल्या जुन्या मिस्त्र्यांनी अशी कितीतरी इंजिनं चढवली.

पारोळ्याचे माझे साडू, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांच्याकडे अशीच एक जीप आहे. दुसरी, हुबेहूब तशीच, त्यांच्या धुळ्याच्या मित्राकडे. दोन्ही जीपना एकाच मिस्त्रीच्या हातचं डिझेल इंजिन, माउंटिंगचं वेल्डिंगसुद्धा सारखं. फरक एवढाच की नानांच्या जीपचं काम १९९६ मध्ये झालं होतं आणि मित्राच्या जीपचं २००८ मध्ये. नोंदणीच्या नूतनीकरणाला दोन्ही गाड्या दाखवल्या आणि दोन्ही अडल्या. नानांची सुटली. मित्राची अजून अडकलेलीच आहे.

कारण नियम मधल्या काळात बदलला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये सुरुवातीला गाडीत बदल करायला वाव होता, फक्त आरटीओला कळवून मंजुरी घ्यावी लागे. ऑगस्ट २००० पासून हे कलम बदललं. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असं त्यात आलं. नानांच्या जीपचा बदल त्याआधीचा होता आणि जुन्या आरसी बुकात पेनाने, सही-शिक्क्यासह त्याची नोंद होती. मित्राच्या बुकात नोंदच नव्हती, कारण २००८ मध्ये ती मिळणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीने सांगितलं होतं, ‘सगळे करतात, काही होत नाही.’ त्याच्या धंद्यातली पहिली दहा-पंधरा वर्षं ते खरंही होतं.

तरी नानांची जीप अडली कशी? जुनी बुकं बंद होऊन नोंदी संगणकावर चढल्या तेव्हा पेनाने लिहिलेली ती ओळ राहून गेली. ‘वाहन’ पोर्टलवर जीप पेट्रोलवरची दिसत होती आणि इंजिन क्रमांकही जुनाच होता. गाडी पहिल्यांदा जिथे नोंदली गेली तिथल्या रजिस्टरचा बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उतारा, काढावा लागला. मूळ आरसी बुक नानांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं म्हणून काम झालं. स्मार्ट कार्ड आल्यावर जुनं बुक रद्दीत घालणारे मला माहीत आहेत. तुमच्याकडे जुनं बुक असेल तर ते सातबाऱ्याइतकं जपा.

त्या वेळी मी नानांना इंजिन आणि चासीचे क्रमांक वाचून दिले. ही जागा कायम ग्रीस, माती आणि गंजाखाली असते. पहिला हात वायर ब्रशकडे जातो, पण ब्रशने आकडे झिजतात आणि पुसट आकडा म्हणजे छेडछाडीचा संशय. डिझेलमध्ये भिजवलेला चिंधीचा बोळा हळूहळू फिरवायचा, कोरडं करायचं आणि वरून पांढरा खडू चोळायचा. खोलगट आकड्यांत खडू बसतो आणि क्रमांक उठून दिसतो. मग कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायचा. जुनी गाडी विकत घेताना पैसे देण्याआधी हे स्वतः करा, एजंटवर सोडू नका.

२०१९ मध्ये सगळं आणखी घट्ट झालं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात निकाल दिला की गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी नीट वाचावं: गाडी बदलून विकणाऱ्या विक्रेत्यालाही त्याच कलमात शिक्षा आहे.

काहीजण सुचवतात की नानांच्या मित्राची जीप पन्नास वर्षांहून जुनी आहे, व्हिंटेजमध्ये टाका. जुलै २०२१ पासून तशी वेगळी नोंदणी आहे, पण ती मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी. इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा बदल असेल तर ती वाट बंद. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, तेव्हा शेतकऱ्याला तिचा उपयोगही नाही. नूतनीकरणही स्वस्त राहिलेलं नाही. वीस वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीची फी २०२५ पासून दहा हजार झाली. ती जीप विकत घ्यायची म्हणून साक्रीहून एक आबा बघायला आले होते. चक्कर मारली, हॉर्न वाजवला आणि म्हणाले, ‘गाडी भारी शे भाऊ, पन कागद कोठे शे?’ सौदा तिथेच संपला.

कायदा बदलाची दारं सरसकट बंद करत नाही. कलम ५२ इंधन बदलायला वाट ठेवतं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवता येतं. इथेही नियम सरकत राहतात. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या, पण त्यांना बाहेरून सीएनजी किट बसवायला परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, तीही साडेतीन टनांखालच्या गाड्यांना. किटची मान्यता ठरावीक इंजिनक्षमतेसाठी असते आणि तीन वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते. म्हणून शेजाऱ्याला मागच्या वर्षी बसवून मिळालेलं किट या वर्षी तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. बसवणाऱ्याकडून तुमच्या मॉडेलचं, चालू मुदतीचं मान्यतापत्र आधी हातात घ्या. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. बसवल्यावर आरसीवर इंधन बदलून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. थोडा जादा हप्ता पडतो, पण न कळवलेल्या किटमुळे दावा फेटाळला जाण्यापेक्षा तो स्वस्त.

हे नियम नुसते दंडासाठी नाहीत, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरातल्या इच्छादेवी चौकात एका ओम्नीत घरगुती सिलिंडरमधून गॅस भरला जात होता आणि स्फोट झाला. गाडीतून लग्नाला वा गावाला निघणाऱ्या तुमच्या-आमच्यासारखीच माणसं भाजली, त्यांतल्या काहींचा जीव गेला. घरगुती गॅस गाडीत भरणं हा गुन्हाच आहे. मान्यताप्राप्त टाकीत जास्तीचा गॅस आपोआप थांबवणारी झडप असते, बाहेर गळती नेणारी सोय असते. जुगाडात यातलं काही नसतं.

आता माझ्याकडे गाडी आली की मी आधी आरसी मागतो आणि गिऱ्हाइकासमोर एक-एक रकाना वाचतो. इंधन, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, वजन, रंग. तुम्हाला हवा असलेला बदल यांतल्या कुठल्या रकान्याला धक्का लावतो ते बघायचं. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, पायपुसणी यांनी कशालाच धक्का लागत नाही, खुशाल करा. रंग बदलायचा तर नोंद करून घ्या. इंजिन खराब झालं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं बसवा, आणि तेही आरटीओची मंजुरी घेऊन. भंगारातून आणत असाल तर बिल आणि ते चोरीच्या गाडीचं नसल्याचा पुरावा मागा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीला आधी विचारा. छत कापणं, चासी वाढवणं, पेट्रोलचं डिझेल करणं या कामांना मी सरळ नाही म्हणतो. पुढचे बुलबार २०१७ पासून आणि काचेवरची काळी फिल्म २०१२ पासून अडचणीत आहेत, कुणी फुकट लावून दिली तरी घेऊ नका.

‘अमक्याने केलंय’ हा पुरावा नाही. त्याने कोणत्या वर्षी केलं, त्याच्या आरसीवर चढलं का, हे विचारा. दुसरा मिस्त्री आणि तिसरा एजंट विचारण्यापेक्षा लेखी अर्ज करून मोटार वाहन निरीक्षकाचं उत्तर घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर काम सुरू झालेलं नसतं, म्हणजे तोटाही होत नाही. आणि परवानगीशिवाय बदललेल्या गाडीला अपघात झाला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतोच, वर समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते. त्या वेळी मिस्त्री साक्षीला येत नाही. मी मिस्त्रीच आहे, म्हणून सांगतो.

तुमच्या दारात जुनी किंवा दुसऱ्याकडून घेतलेली गाडी असेल तर नूतनीकरणाची तारीख येईपर्यंत थांबू नका. या रविवारी बोनेट उघडा, बोळा आणि खडू घ्या, क्रमांक वाचा आणि पोर्टलवरच्या नोंदीशी पडताळा. जुळले तर बुक पुन्हा कपाटात ठेवा. जुळले नाहीत तर सोमवारी पहिलं काम आरटीओत, वर्कशॉपमध्ये नंतर.