प्रेक्षकाच्या प्रश्नातून चित्रफितीची कल्पना

विकासाच्या प्रक्रियेत ज्ञानाची निर्मिती जितकी महत्त्वाची, तितकेच ते ज्ञान गरजवंतापर्यंत पोहोचणेही महत्त्वाचे असते. एकेकाळी या कार्यातील मुख्य अडचण साधनांची होती. प्रक्षेपण केंद्रे मोजकी होती, दूरचित्रवाणी संच दुर्मिळ होते आणि छायाचित्रणाची यंत्रसामग्री सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. आज भ्रमणध्वनीच्या साहाय्याने कोणीही चित्रफीत तयार करून समाजमाध्यमांवर प्रसारित करू शकतो. साधनांची टंचाई संपली, परंतु तिच्या जागी दुसरी टंचाई उभी राहिली आहे. ती म्हणजे प्रेक्षकांच्या अवधानाची. माहितीची विपुलता अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता.

अशा परिस्थितीत लोक थांबून पाहतील अशी चित्रफितीची कल्पना सुचते कशी, हा प्रश्न केवळ मनोरंजन करणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. लसीकरण, बियाणे, पाणी, बचत अशा विषयांवर योग्य माहिती देणारी चित्रफीत कोणी पाहिलीच नाही, तर रिकामी जागा अपुऱ्या किंवा चुकीच्या माहितीने भरली जाते. भारतात गेल्या सहा दशकांत या प्रश्नावर बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांचा एकत्रित विचार केल्यास एक सूत्र हाती लागते. परिणामकारक कल्पनेचा उगम प्रेक्षकाच्या मनातील प्रश्नात असतो, आणि तो प्रश्न शोधण्याची शिस्तबद्ध पद्धत शिकता येते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा परिचय करून दिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवरून 'कृषी दर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या परिसरातील ८० गावांमध्ये सामूहिक दूरचित्रवाणी संच बसवून शेतकऱ्यांना तो दाखविण्याची योजना होती. यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात राबविलेला उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, म्हणजेच 'साईट'. अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत कार्यक्रम पोहोचविले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा (आताचे ओडिशा) व राजस्थान ही ती राज्ये होत.

साईटचे तांत्रिक यश सर्वपरिचित आहे. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील सामाजिक संशोधनाचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कार्यक्रम तयार करण्यापूर्वी ग्रामीण प्रेक्षकांच्या गरजांचा अभ्यास करणे, तयार कार्यक्रमाची निवडक प्रेक्षकांपुढे पूर्वचाचणी घेणे आणि प्रक्षेपणानंतर प्रतिसाद नोंदविणे, असे तीन टप्पे या निमित्ताने रूढ झाले. त्याचबरोबर या प्रयोगाची एक मर्यादाही स्पष्ट झाली. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांसाठी हिंदीतील कार्यक्रम होते, परंतु तेथील गावांची बोली, पिके व चालीरीती भिन्न होत्या. सर्वांसाठी केलेले कार्यक्रम अनेकांना परके वाटले.

या मर्यादेवरील उत्तर गुजरातमधील खेडा जिल्ह्यात शोधण्यात आले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या खेडा संज्ञापन प्रकल्पात पीज येथील लहान प्रक्षेपकावरून केवळ त्या परिसरासाठी कार्यक्रम दिले जात. किमान वेतन, मद्यपान, जातिभेद, सहकारी संस्थांचा कारभार हे तेथील जीवनातील विषय होते. संहिता व अभिनय यांत स्थानिकांचा सहभाग असे. १९८४ मध्ये या प्रकल्पास युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनविषयक पुरस्कार लाभला. प्रेक्षकवर्ग लहान असला तरी तो नेमका ठाऊक असेल तर आशयाला धार येते, हा खेड्याचा धडा आहे. समाजमाध्यमावर नव्याने काम सुरू करणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

'हम लोग' मालिकेचा अनुभव

१९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर प्रसारित झालेली 'हम लोग' ही मालिका मनोरंजनातून शिक्षण या संकल्पनेचे भारतातील प्रारंभीचे उदाहरण होय. मेक्सिकोतील निर्माते मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवर ती आधारलेली होती आणि तिचे लेखन मनोहर श्याम जोशी यांनी केले होते. आरंभीच्या सुमारे तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा संदेश ठळकपणे दिला गेला. प्रेक्षकांना तो उपदेश रुचला नाही. त्यानंतर कथेची दिशा बदलण्यात आली. कुटुंबातील कलह, स्त्रीचे स्थान, लग्न, हुंडा, व्यसन या प्रश्नांमधून संदेश प्रकट होऊ लागला आणि मालिकेने अफाट लोकप्रियता मिळविली. प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी थेट बोलत.

या मालिकेच्या अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. भागवंती ही सोशिक आई मूक सहनशीलतेचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी योजिली होती. अनेक प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले. निर्मात्याला अभिप्रेत अर्थ आणि प्रेक्षकाने घेतलेला अर्थ यांत अंतर पडू शकते. म्हणून कल्पना कितीही आकर्षक वाटली, तरी प्रकाशनापूर्वी ती दोन-चार अपरिचित व्यक्तींना सांगून त्यांना काय समजले हे विचारणे आवश्यक ठरते.

कॅमेरा प्रेक्षकाच्या हाती

पुढील टप्प्यात प्रेक्षक स्वतःच निर्माता झाला. अहमदाबाद येथील 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने १९८४ मध्ये आपल्या सदस्यांना चित्रीकरणाचे प्रशिक्षण दिले. त्यांपैकी काही महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. माणेक चौकातील भाजीविक्रेत्या महिलांच्या अडचणींवर त्यांनी चित्रफीत तयार केली. विषय शोधण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या आणि गोव्यातून काम करणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेनेही देशाच्या विविध भागांतील स्थानिक वार्ताहरांना अशाच प्रकारे घडविले आहे.

'डिजिटल ग्रीन' हा उपक्रम २००६ मध्ये बंगळूर येथे एका संशोधन प्रकल्पाच्या रूपाने सुरू झाला. रिकिन गांधी हे त्याचे प्रवर्तक होत. गावातील शेतकऱ्यानेच आपला प्रयोग चित्रफितीत दाखवावा आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी तो एकत्र बसून, प्रशिक्षित कार्यकर्त्याशी चर्चा करीत पाहावा, अशी त्याची रचना आहे. १६ गावांत तेरा महिने चाललेल्या प्रारंभिक चाचणीत नव्या पद्धती स्वीकारण्याचे प्रमाण प्रचलित विस्तारपद्धतीच्या तुलनेत सुमारे सातपट आढळले. खर्चाच्या मानाने ही पद्धत सुमारे दहापट परिणामकारक ठरली. चित्रफितीतील शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा, हे प्रेक्षकांना प्रथम जाणून घ्यावेसे वाटे. 'याला जमले, तर मला का जमू नये?' हा विचार महागड्या चित्रीकरणापेक्षा अधिक प्रभावी ठरला.

कल्पना शोधण्याची पद्धत

वरील अनुभवांच्या आधारे कल्पनाशोधाचे पाच टप्पे सांगता येतात.

(१) प्रश्नांची नोंद : ज्या समूहासाठी चित्रफीत करावयाची, त्याच्याकडून प्रत्यक्ष विचारले जाणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत टिपावेत. कृषी सेवा केंद्र, दवाखाना, बँक, शिधावाटप दुकान ही ठिकाणे अशा प्रश्नांची कोठारेच होत. पूर्वीच्या चित्रफितींखाली प्रेक्षकांनी विचारलेल्या शंकाही येथे उपयोगी पडतात.

(२) विषयाचे संकोचन : 'बियाण्याचे महत्त्व' हा निबंधाचा विषय झाला. 'घरचे सोयाबीन पेरण्याजोगे आहे का?' ही चित्रफितीची कल्पना होय. एका चित्रफितीत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे.

(३) उत्कंठेचा शोध : उत्कंठा बाहेरून आणावी लागत नाही, बहुधा ती विषयातच दडलेली असते. सोयाबीनची उगवणक्षमता तपासताना १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवतात आणि साधारण सातव्या दिवशी उघडून कोंब मोजतात. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात वापरता येते. काहीसे कमी उगवले तर प्रमाण वाढवावे लागते आणि फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये. गुंडाळी उघडताना किती कोंब दिसतील, हीच या चित्रफितीची कथा आहे. प्रारंभीच्या काही क्षणांत गुंडाळी आणि प्रश्न दाखवावा, उत्तर मात्र अखेरीस द्यावे.

(४) पात्राची निवड : हा प्रयोग व्याख्यात्याने समजावून सांगण्याऐवजी स्वतःच्या कोठारातील बियाणे तपासणाऱ्या शेतकरी महिलेने करून दाखवावा. तिच्या चेहऱ्यावरील काळजी खरी असते, कारण तिचा संपूर्ण हंगाम त्या निकालावर अवलंबून असतो.

(५) कल्पनेची परीक्षा : एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या नवप्रवर्तनाच्या प्रसाराच्या सिद्धांतातील पाच गुणधर्म येथे कसोटी म्हणून वापरता येतात. सापेक्ष लाभ : दुबार पेरणीचा खर्च टळण्याची शक्यता. सुसंगतता : घरचे बियाणे राखण्याची रीत जुनीच आहे. क्लिष्टतेचा अभाव : गोणपाट व पाणी पुरेसे. चाचणीक्षमता : केवळ १०० दाण्यांवर प्रयोग. दृश्यता : कोंब डोळ्यांनी मोजता येतात. पाचही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले, तर प्रेक्षक चित्रफीत पाहून थांबणार नाही, ती कृती करून पाहण्याचीही शक्यता वाढते.

अशी एक कल्पना सिद्ध झाली की तिच्यातून मालिका उभी राहते. बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, पेरणीसाठी पुरेशी ओल हे पुढचे प्रश्न प्रेक्षकच विचारू लागतात. कल्पनांचा साठा संपण्याची भीती मग उरत नाही.

लक्षवेध आणि विश्वासार्हता

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली. त्यानंतर काही महिन्यांतच इन्स्टाग्राम व यूट्यूब यांनी भारतात लघुचित्रफितींची सुविधा सुरू केली. या माध्यमांवर कोणती चित्रफीत कोणास दाखवावी हे संगणकीय प्रणाली ठरविते, आणि प्रेक्षक किती वेळ थांबला हा त्यातील एक महत्त्वाचा निकष असतो. परिणामी अतिशयोक्त शीर्षक, खोटी भीती, 'हमखास' उपाय असे मार्ग निवडण्याचा मोह होतो. त्यातून क्षणिक प्रेक्षकसंख्या मिळते. परंतु ज्याने फसव्या सल्ल्यावर विसंबून पैसा किंवा आरोग्य गमावले, तो पुढे खऱ्या सल्ल्यावरही विश्वास ठेवीत नाही. विकास संज्ञापनात ही हानी सर्वांत मोठी आहे.

म्हणूनच कायद्याची चौकटही ज्ञात असावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पुरस्कर्त्यासही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ मधील केंद्र शासनाच्या मार्गदर्शिकेनुसार, मोबदला घेऊन केलेल्या शिफारशीचा उल्लेख चित्रफितीतच, सहज समजेल अशा भाषेत व्हावयास हवा. दुसऱ्याचे संगीत वा चित्रण वापरताना प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ लक्षात ठेवावा. चित्रीकरणापूर्वी संबंधित व्यक्तीची संमती घ्यावी आणि बालकांच्या बाबतीत विशेष दक्षता बाळगावी.

आशयनिर्मितीचे सामाजिक महत्त्व आता शासनस्तरावरही मान्य झाले आहे. ८ मार्च २०२४ रोजी नवी दिल्ली येथे पहिले राष्ट्रीय आशयनिर्माता पुरस्कार प्रदान करण्यात आले. मे २०२५ मध्ये मुंबईत जागतिक दृकश्राव्य व मनोरंजन शिखर परिषद भरली. तरीही काही मर्यादांचे भान हवे. घरातील एकमेव भ्रमणध्वनी पुरुषाच्या हाती असेल, तर महिलांसाठी केलेली चित्रफीत तिच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. एकट्याने पाहून पुढे सरकवलेली चित्रफीत आणि गटात चर्चा करीत पाहिलेली चित्रफीत यांच्या परिणामातही फरक पडतो. पाहणाऱ्यांची संख्या हे माध्यमाच्या प्रसाराचे मोजमाप आहे. विकासाचे मोजमाप मात्र किती जणांनी कृती बदलली हेच असते.

समारोप

कृषी दर्शनपासून आजच्या लघुचित्रफितीपर्यंत तंत्र आमूलाग्र बदलले आहे. तरीही ज्या उपक्रमांनी प्रेक्षकाला आधी विचारले आणि नंतर सांगितले, त्यांचेच आशय लोकांच्या उपयोगी पडले. चित्रफितीच्या कल्पनेसाठी रिकाम्या कागदाकडे पाहत बसण्यापेक्षा पेरणीपूर्वी एखाद्या कृषी सेवा केंद्रात तासभर उभे राहून लोक काय विचारतात ते ऐकावे. वही भरल्याशिवाय राहणार नाही.

सरावासाठी प्रश्न

१. साईट व खेडा संज्ञापन प्रकल्प यांची उद्दिष्टे आणि मर्यादा यांची तुलना करा.

२. 'हम लोग' मालिकेच्या अनुभवावरून मनोरंजनातून शिक्षण या संकल्पनेचे चिकित्सक परीक्षण करा.

३. रॉजर्स यांचे पाच गुणधर्म आपल्या परिसरातील एखाद्या आरोग्यविषयक चित्रफितीच्या कल्पनेस लावून दाखवा.

४. 'प्रेक्षकसंख्या म्हणजे परिणामकारकता नव्हे.' विकास संज्ञापनाच्या संदर्भात चर्चा करा.