जंतू पाहुणा की बिऱ्हाडकरू? रक्त काय सांगते

फुप्फुसात जंतू शिरणे वेगळे आणि त्याने तिथे बिऱ्हाड थाटणे वेगळे. शिरलेला जंतू औषधाने घालवता येतो, ठाण मांडलेला सहसा जात नाही. हा फरक वेळेत ओळखण्याची सर्वांत जास्त गरज पडते ती सिस्टिक फायब्रोसिस या आजारात.

हा आजार जन्मापासूनचा आहे. सीएफटीआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. हे जनुक 1989 साली सापडले. आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तरच मूल आजारी पडते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक एवढा धोका असतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झाले असेल, तर असे जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा कोप नाही आणि आईचा दोषही नाही.

बिघाडामुळे पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा नीट होत नाही. श्वासनळीतला कफ गोंदासारखा घट्ट होतो, बाहेर पडत नाही आणि त्यात जंतू वाढतात. त्यातला सर्वांत चिवट म्हणजे स्युडोमोनास. तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. मग औषधही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

शरीर गप्प बसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इलास्टेज नावाचे द्रव्य सोडतात. ते जंतूंवर चालते, पण जास्त झाले की फुप्फुसाचे लवचीक धागेही कापते. मेलेल्या पेशींचा गाळ कफात मिसळून तो आणखी घट्ट होतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळांची फुप्फुसे दुर्बिणीतून धुऊन ते पाणी तपासले. 2013 साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. तीन महिन्यांच्या वयात ज्यांच्या पाण्यात इलास्टेज सापडले, त्यांच्या श्वासनळ्या तीन वर्षांच्या वयापर्यंत कायमच्या फुगलेल्या आढळण्याचा धोका जास्त होता. म्हणजे खोकला दिसण्याच्या आधीच नुकसान सुरू झालेले असते.

लहान मुलाला बेडका काढता येत नाही, आणि दुर्बीण वरचेवर घालता येत नाही. मग जंतू ओळखायचा कसा? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या निल्स हॉइबी यांनी 1970 च्या दशकात रक्ताकडे पाहिले. जंतूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते. रुग्णाच्या रक्तातला द्रव आणि स्युडोमोनासचे अंश एका जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने समोरासमोर आणले की, जिथे त्यांची गाठ पडते तिथे रेषा उमटते. या रेषा मोजायच्या. दोन किंवा जास्त रेषा म्हणजे जंतूने ठाण मांडल्याची खूण.

इथे एक गैरसमज दूर करू. प्रतिपिंडे जास्त म्हणजे रक्षण जास्त, असे आपण लसीच्या वेळी ऐकतो. या आजारात उलटे दिसले. ज्यांच्या रक्तात रेषा जास्त, त्यांची तब्येत जास्त खालावलेली. प्रतिपिंडे चिकट आवरणात शिरून जंतू मारू शकत नाहीत. उलट फुप्फुसातली जळजळ वाढते.

म्हणून रेषा वाढण्याची वाट पाहायची नसते. कोपनहेगनमध्ये दर महिन्याला कफ तपासतात आणि जंतू पहिल्यांदा दिसताच औषध सुरू करतात, मूल खेळते असले तरी. तिथल्या 26 रुग्णांच्या अभ्यासात, 1991 साली, असे लवकर औषध मिळालेल्या 14 जणांपैकी 2 जणांच्या फुप्फुसात जंतू कायमचा राहिला. औषध न मिळालेल्या 12 पैकी 7 जणांच्या राहिला.

रक्ततपासणी ही जोडीची तपासणी आहे. सुरुवातीला जंतू असूनही प्रतिपिंडे दिसत नाहीत, म्हणून कफाची तपासणी सुटत नाही. सीआरपी वाढले तर शरीरात जळजळ आहे एवढेच कळते, जंतू कोणता ते कळत नाही.

आपल्याकडे हा आजार कमी ओळखला जातो. असे मूल दम्याचे, टीबीचे किंवा कुपोषित समजले जाते. पुढील खुणा एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा:

– वारंवार न्यूमोनिया, न थांबणारा खोकला
– भूक चांगली, पण वजन वाढत नाही
– चिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधी शौच
– बाळाचा मुका घेतल्यावर कातडी खारट लागणे

पहिली तपासणी घामाची. घामातले क्लोराइड लिटरला 60 मिलीमोल किंवा जास्त आले तर या आजाराची दाट शक्यता असते.

टीबीची तपासणी मात्र टाळू नका, तीही करून घ्याच. आणि मोठ्या मुलाचा बेडका द्यायचा झाल्यास तो सकाळी खोल खोकून काढलेला असावा, लाळ नको. शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या. सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा. जंतू पहिल्यांदा कधी दिसला, हे डॉक्टरांना त्यातूनच कळते.