स्थळ बघण्याआधीची तपासणी

टे-सॅक्स या आनुवंशिक आजाराचं बाळ जन्मतं तेव्हा चांगलं गुटगुटीत असतं. हसतं, मान धरतं. मग तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास भांडं पडलं तरी प्रमाणाबाहेर दचकायला लागतं. बसायला शिकलेलं पुन्हा कलंडतं, नजर ठरत नाही. डोळा तपासला तर आतल्या पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसतो. लंडनच्या वॉरन टे यांनी तो १८८१ मध्ये टिपला होता. यातली बहुतेक बाळं पाच वर्षांचीही होत नाहीत.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रब्बाय (ज्यू धर्मगुरू) जोसेफ एकस्टाइन यांनी अशी चार मुलं गमावली.

त्यांच्या कर्मठ ज्यू समाजात हे दुःख चारचौघांत बोलायची सोय नव्हती. आजार कळला की उरलेल्या भावंडांची लग्नं अडणार, ही धास्ती. ‘घराण्यात काही आहे का हो?’ असं हळूच विचारणाऱ्या आपल्या समाजाला ती वेगळी समजावून सांगायला नको.

आई-वडील दोघेही धडधाकट असतात. पण दोघांकडे एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असली, की प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये साधारण तिसातला एक जण असा वाहक असतो. १९७१ पासून मायकेल कॅबॅक यांनी बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागात वाहक शोधणारी रक्ततपासणी सुरू केली होती. मात्र पोटातल्या बाळात दोष निघाला तर गर्भपात, हा मार्ग एकस्टाइन यांच्या समाजाला धर्मानं बंद होता.

म्हणून त्यांनी तपासणी थेट स्थळं बघण्याच्या आधी नेली. १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था सुरू झाली. तरुण मुलामुलींचं रक्त घ्यायचं, नावाऐवजी क्रमांक द्यायचा. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक फोनवर सांगायचे. जुळतंय की नाही, एवढंच उत्तर मिळणार. आपण वाहक आहोत हे एरवी त्या मुलालाही कळवत नसत. स्वतःच्या रक्तातली गोष्ट स्वतःपासून का लपवावी, अशी टीका झाली आणि ती रास्तच आहे. पण अशा तपासण्यांमुळे त्या समाजात टे-सॅक्सची बाळं जन्मणं जवळपास थांबलं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे हा आजार गुजराती कुटुंबांत आढळला आहे. शिवाय मामाची मुलगी करायची रीत महाराष्ट्रात आहेच, आणि नात्यातल्या लग्नात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. पत्रिकेतले गुण इथे काही सांगत नाहीत.

बाळ गेलेल्या घरात ‘विसरून जा, दुसरं होईल’ म्हणणारे पुष्कळ येतात. खरं तर दुसऱ्याचा विचार करतानाच पहिल्याची फाइल सगळ्यात आधी लागते. म्हणून असं बाळ अत्यवस्थ असेल तर आई-बाबांना सुचणार नाही, तेव्हा आत्या-मामांनी डॉक्टरांना आठवण करावी: जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलीटर रक्त घेऊन बाळाचा डीएनए जपून ठेवायला सांगावा. नेमका दोष सापडला, तर पुढच्या खेपेला ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन खात्रीनं तपासता येतं. कुठे विचारायचं, तर मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांसाठीच्या सरकारी केंद्रांपैकी एक आहे. आणि रिपोर्टची एकेक प्रत बाळाच्या सख्ख्या काका, आत्या, मामा, मावशीकडेही जावी. त्यांच्यातला प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी असते.