जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा काय?

गेल्या वर्षी मुंबईत नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कचेरीतून निकाली निघालेले बारा लॅपटॉप शाळेसाठी मिळवून दिले. सर्व एकाच नमुन्याचे : लेनोवोचे थिंकपॅड टी-४३०, २०१२ सालच्या पिढीतले. सोबत त्याच्या वर्गमित्रांनी आपापल्या पगारातून काढलेली रक्कम होती, आणि निरोप होता : "सर, यंत्रे संथ आहेत. जुन्या बाजारातून वरचे प्रोसेसर आणून बसवा."

यंत्रे संथ होती, हे खरेच. तास चाळीस मिनिटांचा. त्यांतली पाच-सहा मिनिटे पडदा वापरण्याजोगा होण्यातच जात. आठवीतली एक मुलगी खुणेचे चक्र फिरताना पाहत बसे, अधीर होऊन पुन्हा पुन्हा कळ दाबी, मग एकाच वेळी चार खिडक्या उघडत. शेवटी ती म्हणाली, "सर, मला कॉम्प्युटर जमत नाही." पैसा कोठे खर्चावा हा प्रश्न त्यामुळे आमच्यापुरता केवळ हिशेबाचा राहिला नाही.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. परंतु साधने तपासल्यावाचून कोणाच्या माथी दोष मारू नये, एवढी शिस्त त्या विषयाने लावली आहे. येथे साधन हाताशीच असते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण किती टक्के कामात गुंतले आहे, ते तो क्षणोक्षणी दाखवितो. आम्ही सलग आठवडाभर यंत्र सुरू होताना, ब्राउझर उघडताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हे आकडे वहीत टिपले. प्रोसेसर बहुतेक वेळ वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत होता. चार जीबी मेमरी जवळजवळ भरलेली होती. डिस्क मात्र सतत शंभरावर होती.

याचा अर्थ समजण्यास वसतिगृहाचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. प्रोसेसर हा स्वयंपाकी, मेमरी हा त्याच्यापुढचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीघर. ओटा लहान असेल तर भांडी पुन्हा पुन्हा कोठीत नेऊन ठेवावी लागतात. कोठीतून पीठ यायला उशीर झाला तर स्वयंपाकी हात बांधून उभा राहतो. अशा वेळी अधिक चपळ स्वयंपाकी नेमून जेवण लवकर होत नाही.

कोठीचा हा उशीर मोजता येतो. आमच्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद. हवी असलेली जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय टोक सरकविणाऱ्या दांड्याचा वेळ वेगळा. विखुरलेले लहान तुकडे वाचायचे झाल्यास अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच तुकडे देऊ शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. ती त्याच अवधीत हजारो तुकडे देते. यंत्र सुरू होताना नेमके असेच विखुरलेले वाचन चालते.

उलट, प्रोसेसर बदलून काय मिळणार होते? आमच्या यंत्रांत कोअर आय-५ ३३२०एम आहे : दोन कोअर, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ, कमाल ३.३. माजी विद्यार्थ्यांनी सुचविलेला आय-७ ३५२०एम हादेखील दोनच कोअरचा, वेग २.९, कमाल ३.६. नावात पाचाचे सात झाले, कामात दहा-अकरा टक्क्यांची भर. पाच मिनिटांपैकी प्रोसेसरचे खरे काम एक मिनिटाचे धरले, तर बचत पाच-सहा सेकंदांची! एका भागाचा वेग वाढविल्याने एकूण लाभ किती, हे त्या भागाच्या वाट्यावर ठरते, असा युक्तिवाद जीन अमडाल यांनी १९६७ सालीच मांडला होता. तो येथेही तंतोतंत लागू पडतो.

असा बदल मुळात शक्य आहे काय, हेही आधी पाहावे. अनेक पालक आपले घरचे लॅपटॉप घेऊन हा प्रश्न विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'यू' असेल, तर तो मदरबोर्डवर डाखलेला असतो आणि विषय तेथेच संपतो. पाचव्या पिढीपासून पुढचे इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर डाखलेलेच येतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील 'एम' व 'क्यूएम' आणि चौथीतील 'एम' व 'एमक्यू' हे बहुधा सॉकेटमध्ये बसविलेले असतात; बहुधा म्हणतो, कारण याच नावांपैकी काही डाखण्याच्या रूपातही निघाले. विकत घेताना तळाशी टाचण्या आहेत याची खात्री करावी. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये सॉकेटचे नाव दिसते.

सॉकेट जुळले म्हणजे सारे जुळले असेही नाही. टी-४२० या आधीच्या नमुन्यात तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसतो, परंतु कंपनीचा बायोस त्याला ओळखत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. तिसरा अडसर उष्णतेचा. ३५ वॅटसाठी घडविलेल्या पंख्याखाली ४५ वॅटचा प्रोसेसर ठेवला, तर तापल्यावर तो आपण होऊन वेग उतरवितो. पैसे दिलेला वेग हाती लागत नाही.

कित्येकांना वाटते, प्रोसेसर बदलला की विंडोज ११ चालेल. इंटेलच्या बाबतीत ते काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते, आणि या सॉकेटात तिसरीच्या पुढे जाता येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून आम्ही लिनक्स मिंट घातले. मुलांना दोन दिवस परके वाटले, मराठी टंकलेखन मात्र चालू राहिले. शिक्षकांनी अधिक कुरकुर केली, हे येथे नोंदविणे भाग आहे.

मिळालेल्या रकमेतून बाराही यंत्रांना एसएसडी आणि आणखी चार-चार जीबी मेमरी घेतली. आता पडदा अर्ध्या मिनिटाच्या आत सिद्ध होतो. एका यंत्रापुरता मात्र आम्ही प्रोसेसरही बदलला. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण त्यावर संपादित होते, आणि त्या कामात टास्क मॅनेजर प्रोसेसरलाच शंभर टक्के दाखवीत होता. तेथे आय-७ ३६३२क्यूएम घातला : कोअर चार, उष्णता मात्र पूर्वीइतकीच, ३५ वॅट. पाऊण तासाचे काम पंचवीस मिनिटांवर आले. किंमत एसएसडी आणि मेमरी मिळून होते तेवढी पडली. बाराही यंत्रांत तो घातला असता, तर त्या दोन्हींसाठी काहीच उरले नसते. ज्याने प्रोसेसर सुचविला होता, त्याला वहीतले आकडे पाठविले. त्याने फोन करून विचारले, "सर, तेराव्या यंत्राची सोय करू का?"

बदलाच्या दिवशी दहावीची मुले टेबलाभोवती जमली होती. बॅटरी काढली, कीबोर्ड व त्याखालची चौकट उतरविली, वाळून घट्ट झालेली उष्णतावाहक पेस्ट पुसली आणि सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरविला. जुना प्रोसेसर अलगद उचलला गेला. नवा ठेवताना कोपऱ्यातली त्रिकोणी खूण जुळवावी लागते. ती एका मुलानेच दाखवून दिली. काढलेला प्रोसेसर आम्ही काड्यापेटीत कापसावर ठेवून इतिहासाच्या कपाटात ठेवला आहे. तळाशी ९८८ टाचण्या असतात असे सांगितल्यापासून भिंग घेऊन त्या मोजण्याची वर्गात पैज लागते. अजून कोणाचीही मोजणी ९८८ वर आलेली नाही.