फुकटचा कागद आणि माझा पळस

शाई कच्ची नव्हती. हे आधी सांगते, कारण देडतलाईपासून खकनारपर्यंत तेच पसरवलं गेलंय.

बऱ्हाणपूरच्या एका काकूंना मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला माझ्याकडून हाताने ठसा उमटवलेली आभाराची कार्डं हवी होती. पळसाच्या फुलाचा नमुना मागितला, दिला. खूप आवडला. मग कागद त्यांनीच पाठवला, भाच्याच्या छापखान्यात पडून असलेला चकचकीत आर्ट पेपर. ‘‘तेवढेच तुझे पैसे वाचतील गं.’’ वाचणार होते त्यांचेच. यावर ठसा टिकणार नाही, असं मी फोनवर स्पष्ट सांगितलं. उत्तर आलं, ‘‘त्यावर अख्ख्या पत्रिका छापतात, तुझं फूल काय जड झालं?’’

आता पत्रिका छापायची शाई तेलकट, ती हवेने कडक होते. आपली पॅडची शाई पाण्यातली; तिला कागदाने प्यावं लागतं. नेपानगर आमच्याच जिल्ह्यात आहे, देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषून घेतो म्हणून तर पहाटे छापलेला पेपर सकाळी दारात येतो. चकचकीत कागदावर मात्र लेप असतो. ब्रश फिरवला की रंग मिसळत नाही, नुसता सरकतो.

तरी हीट गनने एकेक कार्ड वाळवून, मध्ये बटर पेपर घालून दिलं. आठवड्यात गठ्ठा परत. बटर पेपर कुणीतरी काढून टाकलेले, रबरबँड करकचून आवळलेलं, आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर खालच्या कार्डाचं फूल उलटं उमटलेलं. पैसे नाहीत. वर निरोप, ‘‘पोरीचा हात अजून बसलेला नाही.’’

तेही गिळलं असतं. पण लग्नाहून आलेल्या मावशींनी तिथे मिळालेलं कार्ड दाखवलं. माझा पळस! पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून शेंदरी, देठाशी काळपट तपकिरी. मी रबराच्या पाटीवर ठसा कोरताना वळलेल्या पाकळीजवळ एक टवका उडाला होता. प्रत्येक छापात तिथे तांदळाच्या कणीएवढी पांढरी जागा राहते. या कार्डावरही ती होती. पण छापलेलं मशिनवर. माझा नमुना स्कॅन करून भाच्याकडेच छापून घेतलं होतं. मावशी म्हणाल्या, ‘‘किती सुंदर केलंयस!’’ काय बोलणार?

तर ज्या मुली हे काम सुरू करताहेत त्यांच्यासाठी. गिऱ्हाइकाचा कागद घेऊ नका. 250 ते 300 जीएसएमचा, लेप नसलेला कागद स्वतः आणा आणि त्याची किंमत बिलात लावा. नमुना दाखवा, हातात ठेवू नका. फोटो पाठवलाच तर लहान आणि नाव फुलावरच टाकून. कोपऱ्यातलं नाव कापता येतं. अर्धी रक्कम आल्याशिवाय पॅड उघडू नका, नातं कितीही गोड असो.

रंग लावताना ब्रश कागदाबाहेर सुरू करून गोल फिरवत आत आणा, फिका रंग आधी. तपकिरी पिवळ्यात शिरला की चिखल. पारदर्शक ठसे उन्हात ठेवू नका, कडक होतात. बाकी, धीर धरा, सराव करा वगैरे सगळेच सांगतात.

आणि हो, 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण काढलेलं चित्र नोंदणीशिवायही आपलंच असतं, मरणानंतरही 60 वर्षं. पण एका पळसासाठी बऱ्हाणपूरच्या कोर्टाच्या खेपा कोण घालणार? हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. तरी नमुन्यामागे नाव, तारीख घालून एक प्रत जपून ठेवा. निदान तोंडावर दाखवता येते.

काकूंच्या धाकटीचं आता ठरतंय. परवा फोन आला होता, ‘‘यंदा मोगरा कर.’’ मी म्हटलं, आधी मागचे पैसे, मग मोगऱ्याचा ॲडव्हान्स. ‘‘ह्यांना विचारून सांगते,’’ म्हणाल्या.