संगीतशिक्षकाची पूर्वतयारी

नाटक कंपनीतील नट वर्गात रमत नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. पं. विनायकराव पटवर्धन हे गंधर्व नाटक मंडळीत गायक नट होते. तरी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापून ते नामांकित शिक्षक ठरले. याचे कारण त्यांच्या आधीच्या शिक्षणात आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास काढलेल्या विद्यालयात गाण्याबरोबर गाणे शिकविण्याचेही शिक्षण मिळे. स्वरलिपी, क्रमवार पाठ, अनेकांस एकत्र शिकविणे, ही तेथील रीत. पाचवी ते सातवीच्या वर्गांस संगीतशिक्षक निवडताना गोड गळ्याइतकीच ही तयारी पाहावी. गळा तर मैफलीतही ऐकावयास मिळतो! विनायकरावांनी पुढे स्वरलिपीसह ‘रागविज्ञान’ लिहिले, ते सात भागांत.